लातूरच्या अलीकडचे आठ-नऊ किलोमीटर

परवा तुमचं पुण्यानुमोदन झालं आणि काल सकाळी मी तुमची जीप काढून लातूरला जाऊन आले. चालवायला माझा भाऊ मिलिंद होता. तुमच्या आईनं तोंडाला पदर लावला. आळीतल्या बाया कुजबुजल्या, "नवरा जाऊन चार दिस न्हाई झाले, आन् ही बया गाडी घेऊन कुटं निघाली?" म्हणू द्या. तुम्ही असताना जे विचारून विचारून माझं तोंड दुखलं, ते तुम्ही गेल्यावर तरी मला कळायला पाहिजे होतं. लातूरच्या अलीकडं तुमचं कोण होतं?

रागावू नका. रागावलात तरी आता करणार काय म्हणा. फोटोत तर हसून राहिलात. तो फोटोवाला "जरा हसा" म्हणाला तेव्हा तुम्ही माझ्या कानात म्हणाला होतात, "हा हसायला कामून सांगतोय? दोन कॉप्या जास्त गळ्यात मारायचा इचार दिसतोय ह्याचा." मी म्हणाले, मारू दे, हसा. तोच फोटो परवा मांडला. त्याच्यापुढं मेणबत्त्या लावताना मला तुमचं तेच वाक्य आठवलं आणि मी सगळ्यांसमोर फिसकन हसले. तेही लोकांनी पाहिलं.

आपलं घरच मुळात संशयाचं. मी एसटी कंडक्टरची लेक. बाबा घरी आल्यावरसुद्धा माणसाकडं असं बघायचे, की ह्यानं तिकीट काढलंय का नाही. मला त्यांनी पाढ्यांच्या आधी एसटीचे टप्पे शिकवले. लोह्याहून माळाकोळी किती, अहमदपूर किती, चाकूर किती, लातूर किती, झोपेतून उठवून विचारा. आणि तुम्ही हातपंपाचे मिस्त्री. जमिनीखाली काय चाललंय ते कधी दिसायचं नाही, म्हणून वर दिसणाऱ्यावरही तुमचा विश्वास नव्हता. बघायला आलात तेव्हा मी चहात साखर जास्त घातली, तर म्हणालात, "पोरीत काही खोट हाय का? चहा लई गोड केलाय." बाबांना तुम्ही तेवढ्यावरच आवडलात.

ती हिरवी जीप सरकारी लिलावातून आणलीत तेव्हा मी विचारलं होतं, "सरकारनं टाकलेली वस्तू आपण कामून घ्यायची?"

"तिच्या चारी चाकांना जोर हाय," तुम्ही म्हणालात. "नाल्यातून, चिखलातून, कुटंबी जाती. मिस्त्रीला हीच गाडी पाहिजे."

गेलीही. भोकरकडच्या चिखलात लोकांचे बैल फसायचे आणि तुम्ही चारी चाकांना जोर द्यायची ती छोटी दांडी ओढून पंपाच्या पाइपांसकट बाहेर यायचात. मग पाऊसच पडायचा थांबला. एक वर्ष, दुसरं वर्ष. नाल्यात चिखल राहिला नाही, चारी चाकांना जोर लावावा अशी जागा राहिली नाही. जीप मात्र तेवढंच पेट्रोल पीत राहिली. तिला दुष्काळ कळला नाही.

त्याच सुमाराला लातूरचा जिल्हा झाला. तिकडं नवी कचेरी, नवे साहेब, आणि गावोगाव आटलेले, गंजलेले, दांडा तुटलेले पंप. मिस्त्री थोडे आणि पंप फार. तुम्हाला तिकडून बोलावणी यायला लागली. त्याआधी तुमच्या तोंडून लातूरचं नाव मी ऐकलं नव्हतं. आता आठवड्याला लातूर. सकाळी इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल. मी मशीनवर ब्लाउज शिवत असायची, पण एक डोळा तुमच्यावर. पंपाचे पाइप उपसायला जाणाऱ्या माणसाला इस्त्री कशाला लागते?

आणि ते ओले केस. इथं घरात अंघोळीला तांब्याभर पाणी, त्यातलं निम्मं भांड्यांना ठेवायचं. टँकरवर बायका एकमेकींच्या घागरी मोजून राहिलेल्या. आणि तुम्ही लातूरहून डोक्यावरून न्हाऊन यायचात! शर्ट सुकलेला, पण कानामागं माती आणि केस ओलसर. "कुठं अंघोळ केली?" म्हटलं की म्हणायचात, "पंप चालू झाला की पहिलं पाणी गढूळ येतंय. पिता येत न्हाई. ते लोक माझ्या अंगावर घालतेत." कोणते लोक, ते सांगायचा नाहीत. दुष्काळात माणसाला न्हाऊ कोण घालतं हो?

दारात आलात की चेष्टा करायचात, "आलो बरं का कंडक्टरीणबाई. तिकीट दाखवू का?"

"दाखवा," मी म्हणायची. चेष्टेत नाही म्हणायची मी.

मग तुम्हाला ते ॲव्हरेजचं खूळ लागलं. लिटरला आठ देते, नऊ दिलं पाहिजे, नऊ दिल्याशिवाय हिला सोडत नाही. किती ती मोजणी! नाक्यावरच्या पंपावर जाऊन टाकी नरड्यापर्यंत भरायची, मग दिवसभर फिरून यायचं, परत त्याच पंपावर, त्याच जागी, गाडीचं तोंड त्याच दिशेला करून उभी करायची, कारण जागा जरा उतरती होती. परत नरड्यापर्यंत भरायची. जेवढं बसलं तेवढं प्यायली. मी बरोबर असले की मला खाली उतरवून गाडी हलवायला लावायचात. "हलव, हलव, आत हवा बसली आसंल, जोरात हलव." भर नाक्यावर मी नऊवारी खोचून जीप हलवतेय आणि पंपावरचा माणूस आभाळाकडं बघतोय. तुम्हाला तर तो माप मारतो असाही शक होताच. त्याच्या नळीकडं तुम्ही असे वाकून बघायचात, की तोच एकदा म्हणाला, "मिस्त्री, आता नळीत शिरा."

काय काय इलाज केलेत. कार्बोरेटर खोलून माझ्या भाकरीच्या परातीत धुतलात. परातीला महिनाभर वास. प्लग घासले. चाकांत हवा जास्त भरली, मग गाडी अशी उडायला लागली की तुमच्या आईनं तिच्यात बसणं सोडलं. उतार आला की इंजिन बंद. चिखल नाही तर पुढच्या चाकांचा जोर कशाला, म्हणून पुढचा शाफ्ट काढलात आणि आणून ठेवलात माझ्या शिलाई मशीनखाली. "पाऊस पडला की बसवू," म्हणालात. पायानं मशीन चालवताना माझी करंगळी रोज त्याच्यावर आपटायची आणि मी रोज तुमच्या नावानं बोटं मोडायची. अजून तिथंच आहे तो. आजही लागला.

शेवटचा इलाज म्हणजे ती चाकं. उदगीरच्या जुन्या बाजारातून चार टायर घेऊन आलात, आधीच्यापेक्षा मोठे. तुमचं गणित तयार होतं. "मोठं चाक म्हणजे कमी फेरे. कमी फेरे म्हणजे कमी पेट्रोल. समजलं का?" मला समजलं नाही, पण तुम्ही खूश होतात. भरली टाकी, गेलात, आलात, मोजलं. आठ. परत मोजलं. आठ. एवढं सगळं करून गाडी आठावरून हलेना.

तुमचा निष्कर्ष, की कोणीतरी पेट्रोल चोरतंय. माझा निष्कर्ष, की गाडी सुधारली आहे, पण वाचलेलं पेट्रोल दुसरीकडं जळतंय. सांगितल्यापेक्षा जास्त फिरताय तुम्ही.

मग मीही मोजायला लागले. ड्रायव्हरची गादी उचलायची, टाकीचं झाकण काढायचं आणि तुरीची सरळशी तुराटी आत बुडवायची. कुठपर्यंत ओली झाली ते बोटानं धरायचं. तुम्ही दबा धरून बसलेले, चोर पकडायला. धरलंत ते मला. एका हातात तुराटी, एका हातात झाकण.

"आगं, चोर घरातच हाय की!"

"चोरून नाही राहिले मी," म्हटलं. "मोजून राहिले."

"कशासाठी?"

"तुम्ही कशासाठी मोजता? त्याच्यासाठीच."

तुम्ही कपाळाला हात लावलात. दुसऱ्या दिवशी टाकीला कुलूप. बायकोच्या धास्तीनं पेट्रोलच्या टाकीला कुलूप लावणारा माणूस अख्ख्या लोह्यात तुम्ही एकटे असाल. मी म्हटलं, लावा. कुलूप टाकीला आहे, मीटरला नाही.

आणि मीटरनंच तुम्हाला पकडून दिलं. सकाळी अंगण झाडायच्या निमित्तानं मी आकडा बघायची, संध्याकाळी दिवा लावायच्या निमित्तानं परत बघायची. लोहा ते लातूर एसटीच्या टप्प्यानं शंभराच्या वर आहे. बाबांचा टप्पा चुकायचा नाही. आणि तुम्ही लातूरला जाऊन आलात की मीटर काय म्हणायचं? निम्मं केलं की जायचे शंभराच्या आत, यायचेही शंभराच्या आत. दर खेपेला, दर बाजूला, आठ-नऊ किलोमीटर कमी. म्हणजे तुम्ही लातूरला पोचतच नव्हतात! लातूरच्या अलीकडं आठ-नऊ किलोमीटरवर काहीतरी होतं. तिथं थांबत होतात, नाहीतर तिथं मीटरची वायर सोडून पुढं आडवाटेला जात होतात. वायर सोडली की आकडा थांबतो, ही युक्ती कोणत्या ड्रायव्हरला माहीत नाही? पेट्रोल का कमी होतं आणि मीटर का कमी भरतं, दोन्हींचा उलगडा एकदम झाला. इस्त्री, तेल, ओले केस, सगळं जागच्या जागी बसलं.

मग मी भोकरचं मोजलं. तिथंही कमी. बिलोलीचं मोजलं. तिथंही कमी. आता मात्र माझं डोकंच फिरलं. मिलिंदला बोलावून सांगितलं, तर तो हसून हसून लोळायचा बाकी राहिला. "आक्का, दाजी पंप दुरुस्त करतेत का गावोगाव संसार मांडतेत? लातूरच्या अलीकडं एक, भोकरच्या अलीकडं एक, बिलोलीच्या अलीकडं एक. आगं, एवढ्या बायका दुष्काळात पोसायला माणूस सावकार पाहिजे." मला हसू आलं नाही. भोकर आणि बिलोली मी सोडून दिलं. लातूर काही सोडता येईना.

शेवटी तुम्हाला समोर बसवून विचारलंच. तुम्ही भाकरी खात होतात.

"मीटर खोटं हाय," तुम्ही म्हणालात.

"असं? मग तुमचं ते ॲव्हरेज कोणत्या मीटरवर मोजता?"

तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात. मीटर खोटं म्हणावं तर चार महिन्यांची मोजणी पाण्यात, आणि खरं म्हणावं तर बायको पुढ्यात बसलेली. मग म्हणालात, "रस्त्यावरचे दगड बघ जाऊन." दगडाचं काय सांगता, म्हटलं, नवा जिल्हा झाल्यापासून तेही नव्यानं रंगवून राहिलेत, कुठं जुना आकडा, कुठं नवा, कुठं नुसता चुना. तुम्ही ताट सारून उठलात. ते भांडण तसंच राहिलं. पुढं कितीतरी वेळा भांडलो, पण त्या एका प्रश्नाचं उत्तर तुम्ही मला दिलं नाहीत.

शेवटच्या सकाळीही तेच. तुम्ही जीपमध्ये बसलात, परत उतरलात, दारात येऊन म्हणालात, "एक डाव चल की माझ्यासंगं. बस शेजारी. बघ काय दिसतंय ते."

मी म्हणाले, "लग्नाचे ब्लाउज पडलेत माझे. आणि मी बरोबर असल्यावर तुम्ही तिकडं थोडंच जाणार?"

तुम्ही हसलात. "तुझ्यापुढं इलाज न्हाई बाबा," म्हणालात आणि गेलात. अहमदपूरच्या पुढं पंपाचा दांडा हाणता हाणता खाली बसलात ते उठलाच नाहीत, हे लोकांनीच सांगितलं. जीप दुसऱ्या दिवशी मिलिंदनं आणली. मी माफीबिफी मागायला बसलेली नाही. जे दिसत होतं ते मी बोलले. तुमच्या जागी मी असते आणि माझं मीटर कमी भरलं असतं, तर तुम्ही काय गप्प बसला असतात? मला उलटं टांगलं असतं.

तर काल गेलो. जाताना नाक्यावर टाकी भरली, त्याच जागी, तोंड त्याच दिशेला. कुलपाची चावी तुमच्या शर्टाच्या खिशात सापडली होती. मी खाली उतरून जीप हलवली. पंपावरच्या माणसानं या खेपेला आभाळाकडं बघितलं नाही. नळी ठेवून तो पुढं आला आणि माझ्यासोबत हलवायला लागला. नळीत शिरा म्हणणारा तोच माणूस, डोळे पुसत होता.

मी तुमच्या सीटच्या शेजारी बसले. माळाकोळी गेलं, अहमदपूर गेलं. रस्त्याच्या कडेनं बायका रिकाम्या घागरी घेऊन जातात आणि भरलेल्या घेऊन येतात, कोणती रांग जाते आणि कोणती येते ते चालण्यावरून कळतं. चारा छावणीत गुरं उभी. उतार आला की मिलिंदला मी सांगायची, इंजिन बंद कर, दाजी करायचे. तो निमूट करायचा. चाकूरही गेलं. मी टप्पे मोजत होते. आता बारा राहिले. आता दहा. "सावकाश घे," म्हटलं. आणि आठ-नऊच्या मध्ये म्हटलं, "थांबव."

काय होतं तिथं? सांगू? एक कडुलिंबाचं झाड. वाळलेल्या तुराट्यांचं रान, आणि पलीकडं पाच-सहा घरांची वस्ती, तिच्या तोंडाशी एक हातपंप. मला वाटलं, हेच. मी पदर खोचला. चपला काढून हातात घ्यायच्या का पायातच ठेवायच्या, एवढाच विचार राहिला होता.

लिंबाखाली एक म्हातारी शेळ्या घेऊन बसलेली. तिला विचारलं, "आजी, इथं हिरव्या जीपवाले मिस्त्री यायचे का? पंप दुरुस्त करणारे?"

म्हातारीनं जीपकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझं कपाळ बघितलं आणि ओळखलं काय ते. "आलते की एकडाव. मागल्या उन्हाळ्यात. पंप करून दिला आन् गेले."

"एकदाच?"

"एकदाच. परत कशाला येतेत? पंप बिघडलाच न्हाई."

"आणि कोणाच्या घरी गेले होते? जेवायला? अंघोळीला?"

"घरी कुटं? हितंच पंपाखाली बसलं लेकरू. आमच्यात पंप चालू झाला की पहिलं गढूळ पाणी मिस्त्रीच्या डोसक्यावर घालतेत. समद्या बायांनी मिळून घातलं. लाजलं बिचारं. म्हणलं, घरला गेल्यावर बायको इच्चारती मला, कुटं न्हालास म्हणून."

म्हणजे बायाच होत्या ना! मी एक क्षण असं म्हटलं मनात, खरंच म्हटलं. सवय जात नाही. पण पुढं विचारायला काही राहिलंच नाही. मी त्या पंपाचा दांडा दोनदा हाणला. पाणी आलं. जीपमध्ये येऊन बसले आणि मला जे रडू फुटलं, ते तुम्हाला आणलं त्या दिवशीही फुटलं नव्हतं. मिलिंदला वाटलं, पश्चात्ताप झाला. त्याला वाटू दिलं. ते रडू कशाचं होतं ते मला तरी तेव्हा कुठं कळलं होतं.

मग लातूरला गेलो. एसटी स्टँडसमोर मिलिंदनं गाडी लावली आणि मी मीटरकडं बघितलं. तुमचा आकडा. शंभराच्या आतला, अगदी तोच, ज्याच्यावर मी तुम्हाला पकडलं होतं. वायर कोणी सोडली नव्हती, आडवाटेला कोणी गेलं नव्हतं, गाडी माझ्या डोळ्यांदेखत लोह्याहून सरळ लातूरला आली होती आणि मीटर म्हणत होतं की आठ-नऊ किलोमीटर अजून राहिलेत.

मी उतरून जीपभोवती फिरले. मागं स्टेपनी टांगलेली. तिच्याकडं बघितलं, खाली चाकाकडं बघितलं, परत स्टेपनीकडं. टायर तुम्ही चारच आणले होते. पाचवं जुनंच होतं. पिशवीतून टेप काढली आणि स्टेपनी मापली, मग चाक मापलं. उंचीत दोन-अडीच इंचांचा फरक. रोज लोकांच्या छात्या नि कंबरा मापणारी मी, आणि दारात उभं असलेलं चाक मापलं नाही. अहो, मीटर चाकाचे फेरे मोजतं! त्याला बिचाऱ्याला काय माहीत चाक मोठं झालंय ते? शेजारणीचं मापटं मोठं असलं की आपली ज्वारी तिच्याकडं कमी मापांत भरते, ज्वारी काही कमी झालेली नसते. तसंच हे. लातूरला खोट मोठी, भोकरला त्याहून थोडी लहान, बिलोलीला आणखी लहान, जेवढा रस्ता तेवढी खोट. मीटर खोटं हाय म्हणालात ते खरंच होतं. तिकीट बरोबर होतं तुमचं. आणि ते खोटं कशानं झालं, हे तुम्हालाही माहीत नव्हतं, नाहीतर त्या दिवशी ताट सारून उठला नसतात.

परत येऊन नाक्यावर टाकी भरली. गाडी हलवली. किती लिटर बसलं ते विचारलं आणि मीटर सोडून बाबांच्या टप्प्यांनी भाग दिला. जवळजवळ नऊ येतं हो. नऊला एवढंसं कमी. तुमची गाडी सुधारली होती. मोठं चाक, कमी फेरे, तुमचं गणित बरोबर निघालं, आणि तुम्ही मात्र पंपवाल्याला, आळीतल्या पोरांना नि मला चोर समजत, आठावर अडकून गेलात. मी त्या पंपावर मोठ्यानं म्हणाले, "नऊ दिलं!" मिलिंदनं मान खाली घातली.

रात्री तो म्हणाला, "आक्का, दाजी साफ निघाले. आता तरी मनाला शांती दे." मनात म्हटलं, तू गप बस, तुला काय कळतंय. तुमच्या आई म्हणाल्या, "माझं पोरगं तसं नव्हतंच." त्यांना बरं वाटलं. सगळ्यांनाच बरं वाटलं. मलाच नाही.

तुम्हाला म्हणून सांगते. त्या लिंबाखाली उतरले तेव्हा माझ्या मनात होतं, दार उघडेल, एक बाई बाहेर येईल. तिच्या झिंज्या धरीन. आणि मग धरून झाल्यावर तिच्या ओट्यावर बसेन आणि विचारीन, तुझ्याकडं ते काय बोलायचे ग? जेवताना कोणत्या कडेला बसायचे? तुझ्यावरही संशय घ्यायचे का? मला माहीत नाही असे थोडेसे तुम्ही त्या आठ-नऊ किलोमीटरवर कुठंतरी राहिला असाल, असं मी धरून चालले होते. तिथं काहीच नाही निघालं. तुम्ही जेवढे होतात तेवढे सगळे माझ्याच घरी होतात.

असती कोणी तर बरं झालं असतं हो. दोघी मिळून रडलो असतो.